बावचीचं तेल आणि वन्संचा कान

मी एकदा एका जित्या पोरीला तेल लावून उन्हात भाजलं आहे. वांगं भाजण्याआधी त्यावर तेलाचा हात फिरवतात ना, तसंच. आणि हे करताना आपण तिच्यावर उपकार करतो आहोत, अशी माझी पक्की समजूत होती.

पोरगी म्हणजे माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन हसनाबादजवळच्या आमच्या खेड्यात आले, तेव्हा ती परकर-पोलक्यातून नुकती साडीत आली होती. जन्मापासून तिचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. कातडी अशी, की आतलं रक्त बाहेरून दिसावं. डोळे सारखे इकडून तिकडे हलायचे आणि उजेडात बारीक व्हायचे. गाव तिला भुरी म्हणायचं. मला मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वयानं ल्हान असली तरी नणंद हाय. वन्सं म्हणायचं." तेव्हापासून ती माझी वन्सं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो तरी एकमेकींना अहो-जाहोच करतो.

त्या वेळची मी आज रस्त्यात भेटले, तर मी ओळख दाखवणार नाही. विहिरीवर पाण्याला जाताना खांद्याला पर्स लावणारी बाई होते मी. पर्समध्ये काय, तर एक कंगवा. बारावीला विज्ञान घेतलं होतं, आणि डॉक्टरकीला थोडक्यात हुकले असं मी आल्यागेल्याला सांगायचे. थोडक्यात म्हणजे रसायनशास्त्रात नापास झाले होते. पण ते आमच्या जाफराबादच्या माहेरी माहीत, इथे कुणाला ठाऊक? कुणाचं पोट दुखलं, कुणाला नायटा झाला, की लोक म्हणायचे, नवरीला विचारा. नवरी सांगायचीही.

वन्संना ऊन सोसायचं नाही. वेचणीच्या दिवसांत त्यांचा चेहरा लाल व्हायचा, सालपटं निघायची, आणि त्यातच पुन्हा दुसऱ्या दिवशी कापसात. मी विचार केला. माणसाच्या कातडीत रंग असतो आणि तो उन्हाला अडवतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. कोडाच्या डागांवर बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसलं की रंग येतो, हे आजोळी पाहिलेलं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर. या दोन खऱ्या गोष्टींचं लग्न लावून मी तिसरी खोटी गोष्ट जन्माला घातली: वन्संना बावची लावायची, म्हणजे रंग येईल, आणि रंग आला की ऊन बाधणार नाही. कोड वेगळं आणि वन्संचं हे जन्माचं वेगळं, एवढं साधं विचारायचं मला सुचलं नाही. विचारणार कुणाला? गावातली सगळ्यात हुशार बाई मीच होते.

जालन्याला जडीबुटीच्या दुकानातून बावची आणली. काळ्या, बारीक, उग्र वासाच्या बिया. दुकानदारानं विचारलं, "कोडासाठी का?" मी पर्स सावरत म्हणाले, "हो." बिया कुटल्या, करडीच्या तेलात मंद आचेवर कढवल्या, फडक्यातून गाळल्या. तेल हिरवट-काळं झालं. मला माझाच अभिमान वाटला.

तेव्हा आमचं घर माळवदाचं होतं, वर मातीचं सपाट छत. चैत्र लागला होता. घरातली मोठी माणसं आष्टीकडच्या एका लग्नाला गेली होती, तेव्हा मी वन्संना माळवदावर नेलं आणि उन्हात पोतं अंथरून बसवलं. तोंडाला, मानेला, कानांना, कोपरापर्यंत हातांना तेल चोळलं. वन्संनी डोळे मिटून तोंड वर केलं. गावात असं मानायचे, की भुरीच्या तोंडाला हात लावला तर लावणाऱ्याला डाग येतो. त्यामुळे तिला न्हाऊमाखू घालून झाल्यावर, म्हणजे अगदी लहानपणानंतर, त्या तोंडाला कुणी हात लावला नसावा. मी चोळत होते तोवर ती पोरगी हसत होती.

आजोळी कोडवाले सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळच बसत. पण मी म्हटलं, जास्त तेल, जास्त ऊन, जल्दी गुण.

"वैनी, चुरचुरून राह्यलं."

"चुरचुरणारच. गुण येऊन राह्यला म्हणून चुरचुरतंय."

"लई चुरचुरतंय वो."

"मंग? रंग काय असाच येतो का? बसा गपचूप."

बसली बिचारी. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली. मी मधूनमधून खाली जाऊन भाकरीचं पाहत होते आणि वर येऊन रंग आला का ते पाहत होते.

रंग आला. संध्याकाळी लाल, आणि दुसऱ्या दिवशी फोड. द्राक्षाएवढे फोड गालावर, कानावर, मनगटावर. डोळे सुजून बंद झाले. लग्नाहून परतलेल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "काय झालं गं हे?" असं त्यांनी वन्संना नाही, मला विचारलं.

मी म्हणाले, "माळवदावर वाळवण राखायला गेल्त्या. झोप लागली त्यांना उन्हात."

सासूबाईंनी त्या सुजल्या तोंडाच्या पोरीला जे झाडलं, ते मी इथे लिहीत नाही. वन्संनी मिटल्या डोळ्यांनीच तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवलं. नंतर फोडांवर लोणी लावायला गेले, तेव्हा मी हळूच तिला म्हणाले, "तेल चांगलंच होतं वन्सं. तुमची कातडीच वाईट, तिला सोसलं न्हाई."

तिनं ते खरं मानलं. आणि माझा लोण्याचा हात बाजूला सारून म्हणाली, "मंग आता काहीच नका लावू."

तेलाची बाटली मी उकिरड्यात पुरली. आमची आजची पोरं पुरावा नष्ट करायला मोबाइलमधलं पुसतात. मी उकिरडा वापरला, आणि तो बराच खात्रीचा निघाला.

फोड गेले, डाग राहिले. वन्संचं लग्न कुणी जमवलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. त्या आमच्यातच राहिल्या. निंदणी, खुरपणी, वेचणी, सगळं केलं. नजर अधू, तरी बोंडातला कापूस बोटांनी चाचपून असा काढायच्या, की शेजारच्या ओळीत पात धरलेल्या बायका मागे पडाव्यात. अंगात साडीवर माझ्या मालकांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला पंचा. पंचाही कसा, तर डावा कान बाहेर. मी किती वेळा म्हटलं, "कान झाका."

"कान झाकला तर गप्पा कशा ऐकू येतील? दिसत तर न्हाईच. ऐकायचं पण न्हाई का?"

वन्संना दिवसभरात एवढीच तर करमणूक होती. कुणाच्या सुनेनं काय केलं आणि कुणाच्या जावयानं काय मागितलं, ते सगळं त्या डाव्या कानातून घरात यायचं आणि संध्याकाळी चुलीपुढे मला मिळायचं. खरं सांगायचं तर तो कान झाकला जाऊ नये, यात माझाही फायदा होता.

पुढे एकदा हसनाबादला आरोग्य शिबिर झालं. मी वन्संना नेलं. कातडीच्या डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि फार मायेनं समजावलं, की तुम्हाला ऊन म्हणजे विस्तव आहे, ही क्रीम रोज सकाळी नि दुपारी लावायची, तोंड, कान, मान, हात, काहीही सोडायचं नाही. पांढरी ट्यूब दिली. सरकारी दवाखान्यात मागितली की मिळेल, असंही सांगितलं. वन्संनी मान डोलावली. घरी आल्यावर ती ट्यूब त्यांनी रोज वापरली, नाही असं नाही. रात्री झोपताना, टाचांच्या भेगांना.

"अवो, ती तोंडाला लावायची."

"तोंडाला लावलेलं भाजतं. टाच उन्हात जात न्हाई, तिला चालतं."

घरातली सगळी हसली. लेकरं तर महिनाभर टाचेची क्रीम टाचेची क्रीम करत होती. मीही हसले. त्या घरात ती असं का म्हणते हे ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

त्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली, ती तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पंच्याचा दोरा घासला असेल, असं वन्सं म्हणाल्या. खपली पडायची, पुन्हा धरायची. तोवर माझी नात औषधनिर्माणशास्त्राचं मोठं शिक्षण घ्यायला संभाजीनगरला गेली होती. सुट्टीत आली की ती तिच्या अभ्यासाचं सांगायची. हळदीत काय आहे, चहाच्या हिरव्या पानात काय आहे, डाळिंबाच्या सालीत काय आहे. उन्हामधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी कातडीचा कॅन्सर होतो, आणि वनस्पतींतली ही द्रव्यं तो व्हायच्या आधीच रोखू शकतील का, हे ती आणि तिच्या सोबतची पोरं शोधत होती. उंदरांच्या पाठीवरचे केस काढून, लेप लावून, दिव्याखाली ठेवून.

मी कान देऊन ऐकलं, आणि जे ऐकायचं होतं तेवढंच ऐकलं. रसायनशास्त्रात नापास झालेली ती पर्सवाली पोरगी माझ्या आत म्हातारी झालीच नव्हती. नात परत गेल्याबरोबर त्या पर्सवालीनं पदर खोचला. डाळिंबाच्या साली वाळवल्या, पाट्यावर वाटल्या, हळदीत कालवल्या. वन्सं म्हणाल्या, "मलम न्हाई ना?"

"छे. हळद हाय, सैपाकातली. अन् डाळिंबाचं टरफल."

"मंग द्या. मीच लावते."

रोज संध्याकाळी त्या लेप लावायच्या आणि मी समाधान पावायचे. हळदीच्या पिवळ्यात आतलं काय वाढतं ते दिसायचं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

दिवाळीला नात आली. वन्संच्या पाया पडून वर उठताना ती थांबली. वाटीत पाणी घेऊन तिनं हळद धुतली. खाली खपली नव्हती, फ्लॉवरच्या फुलासारखं फुगलेलं मांस होतं, आणि त्यातून रक्त आलं. तिनं वन्संच्या जबड्याखाली बोटं फिरवली. तिथे गाठ लागली असावी, कारण तिचा चेहरा बदलला.

"आजी, हे कधीपासून आहे?"

"तूच तर म्हणाली होतीस, डाळिंबाच्या सालीनं..."

"मी उंदरांचं सांगितलं होतं, आजी! आणि न झालेलं रोखायचं सांगितलं होतं. झालेलं बरं करायचं नाही."

मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. कानाचा वरचा अर्धा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, आणि नंतर लाइट द्यायचं ठरलं. उन्हाच्या किरणांनी जे केलं, त्यावर उपाय म्हणून पुन्हा किरणंच. वन्सं मला म्हणाल्या, "भाजण्यातून माझी सुटका न्हाई, वैनी." हसत म्हणाल्या, पण टाके ओढले गेले म्हणून हसणं अर्ध्यावर थांबलं.

डॉक्टरीण बाई तरुण होती, माझ्या नातीहून थोडी मोठी. तिनं कपाळावरची एक जागा आणि हातावरची एक जागा दाखवली. हे पुढचे कॅन्सर व्हायच्या बेतात आहेत, म्हणाली. गाठींचं काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही. पण नवे होऊ द्यायचे नसतील तर उन्हात जाणं बंद, आणि घराबाहेर पाय टाकायचा तर रोज क्रीम लावायची. मग तिनं कागदपत्रं चाळत विचारलं, "अशी कातडी असताना इतकी वर्षं काहीच लावत नव्हत्या? कुणी सांगितलं नव्हतं?"

मी खाली बघितलं. वन्संचे हलणारे डोळे माझ्यावरून फिरून पुन्हा डॉक्टरणीकडे गेले.

"सांगितलं होतं की बाई. मलाच सवय न्हाई," वन्सं म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी मी आणि नात दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहा प्यायला गेलो. मी म्हणाले, "ते उंदराचं औषध आणून दे ना थोडं. चोरून आण."

"आजी, ते औषध नाहीये अजून. परीक्षानळीत चालतं, उंदरावर थोडं चालतं. माणसाच्या कातडीत ते टिकतं का, आत जातं का, काहीच पक्कं नाही. हळद तर उजेडात स्वतःच विटते. तू हळदीचं कापड वाळत घालतेस तेव्हा बघत नाहीस का?"

पाहिलं होतं. जन्मभर पाहिलं होतं. हळदीचा डाग काढायला आपण कापड उन्हातच तर घालतो.

मग मी जरा दुसरीकडे बघत विचारलं, "अन् बावची? समज, एका बाईनं बावचीचं तेल लावून कुणाला उन्हात बसवलं तर?"

"कोण बाई?"

"होती एक. मूर्ख होती. तू सांग."

नातीनं सांगितलं. डाळिंब-हळदीतली द्रव्यं उन्हाला अडवतील अशी आशा आहे. बावचीतलं द्रव्य उलटं, ते उन्हाला हाताला धरून कातडीच्या आत नेतं. कोडावर डॉक्टर ते वापरतात, पण मोजूनमापून, कारण तिथे रंग तयार करणाऱ्या पेशी आजूबाजूला शिल्लक असतात. ज्याच्या अंगात रंग बनतच नाही, त्याला बावचीनं रंग कुठून येणार? "त्याला नुसता जाळ, आजी. झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी, असं काही नसतं. फोड आले असतील ना?"

"आले असतील."

"भोंडीआजीला लावलं होतंस का तू?" नात वन्संना लहानपणापासून भोंडीआजी म्हणते. का म्हणते ते तिलाही आठवत नाही.

मी चहात बघत विचारलं, "त्या एका दिवसानं हे झालं का? तेवढं सांग."

नात म्हणाली, "एका दिवसाचं कुणीच सांगू शकणार नाही. अशा माणसाला नुसतं शेतातलं ऊनही पुरतं. इतकी वर्षं क्रीम न लावणं, हे मोठं."

सुटले, म्हणून मी चहाचा घोट घेतला. आणि कप खाली ठेवला. वन्संनी क्रीम का लावली नाही? बावचीनं एक दिवस भाजलं असेल. पण तिची कातडी वाईट आहे, तिला काही लावून उपयोग नाही, हे तिच्या डोक्यात मी घातलं होतं, आणि ते रोज सकाळी तिच्यासोबत कापसात जात होतं. ट्यूब टाचेला लागत होती आणि मी हसत होते.

वन्संना घरी आणलं. नातीनं नवी ट्यूब आणून कोनाड्यात ठेवली आणि ती कॉलेजला परत गेली. वन्सं ट्यूबकडे बघायच्याही नाहीत. ओसरीवर उन्हाची तिरीप आली की पाय आत घ्यायच्या, तेवढंच. कपाळावरची जागा खरखरीत होत चालली होती. एकदा त्या म्हणाल्या, "गड्या, पातीवर जाऊन नुसतं बसले तरी बरं वाटंल." म्हणजे जायचं होतं. आणि क्रीम न लावता जाणार होत्या.

एका दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"वन्सं, एक सांगायचंय."

"जरा या अंगाला बसून सांगा. तो कान आता नुसता शोभेला."

मी उजव्या बाजूला गेले आणि सांगितलं. बावची काय असते. कोड वेगळं आणि तुमचं वेगळं. तेल लावून उन्हात बसवलं तर कुणीही भाजलं असतं, मीसुद्धा. झोप लागली हे मी सासूबाईंना खोटं सांगितलं, ते तुम्हाला माहीतच आहे. पण तुमची कातडी वाईट असं जे मी तुम्हाला सांगितलं, तेही खोटं होतं, आणि ते तुम्हाला माहीत नाही. तेव्हा मला खरं-खोटं ठाऊक नव्हतं. पण ट्यूब टाचेला लावत होता तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. रसायनशास्त्रात नापास झाले होते, तेही सांगून टाकलं. एवढं सांगतेय तर तेवढंच कशाला मागे ठेवायचं?

वन्संनी हात पुढे करून माझं तोंड चाचपलं, कापसाचं बोंड चाचपावं तसं. मी रडते आहे का, ते बघत होत्या. डोळे कोरडे लागल्यावर हात काढून घेतला.

"म्हंजे तेल वाईट होतं."

"हो."

"माझी कातडी न्हाई."

"न्हाई."

"अन् ही ट्यूब?"

"ही चांगली हाय, वन्सं. डॉक्टरणीनं दिलेली हाय."

"तेलाला पण तुम्ही चांगलंच म्हणल्या होत्या."

वन्संनी कोनाड्याकडे हात लांबवला, ट्यूब घेतली, झाकण दातांनी फिरवून काढलं आणि वास घेतला. मग ट्यूब माझ्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाल्या, "आधी तुमच्या तोंडाला लावा, वैनी. अन् वर स्लॅबवर जाऊन बसा, डोक्यावर पदर घ्यायचा न्हाई. सांजच्याला बघते तुमचं तोंड, मंग ठरवते माझं."